टेकऑफच्या आधीची चूक : नागरी विमान वाहतूक महासंचालकांना खुले पत्र

प्रति,
माननीय महासंचालक,
नागरी विमान वाहतूक महासंचालनालय (डीजीसीए),
सफदरजंग विमानतळासमोर, नवी दिल्ली

महोदय,



मी बऱ्हाणपूरचा रहिवासी. अकरावी-बारावीच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवण्यात माझे आयुष्य गेले. आमचा जिल्हा मध्य प्रदेशातला, पण तापीच्या या काठावर अनेक घरांत मराठी बोलतात. रावेर-जळगावशी रोजची सोयरीक आहे. केळी आणि यंत्रमाग यांवर इथले पोट चालते. गेल्या काही वर्षांत या घरांतून एक नवी इच्छा उगवली आहे, ती म्हणजे मुलाला किंवा मुलीला पायलट करायचे. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित असले की दार उघडते, हे लोकांना कळले आहे. मग मुले जळगाव, शिरपूर, बारामती, गोंदिया किंवा सागरजवळच्या ढान्याला जातात. व्यावसायिक परवान्यासाठी दोनशे तासांचे उड्डाण पुरे करायला चाळीस-पन्नास लाख रुपये लागतात. ते कुठून येतात हे मला ठाऊक आहे. केळीच्या बागेवर कर्ज काढले जाते, नाहीतर आईचे दागिने गहाण पडतात.

आणि कुठे प्रशिक्षणाचे विमान पडल्याची बातमी आली की हेच आईवडील माझ्या ओट्यावर येऊन बसतात. "सर, तुम्ही फिजिक्सवाले. पोराला पाठवू का नको?" या प्रश्नाला मी प्रामाणिक उत्तर देऊ शकेन इतकी माहिती मला मिळत नाही. म्हणून आपल्याला लिहितो आहे.

आमच्या आसपासचे आणि इतरत्रचे अपघात आपल्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत असतील. 3 जानेवारी 2020 ला ढान्याच्या धावपट्टीजवळ प्रशिक्षक आणि प्रशिक्षणार्थी दोघेही गेले. त्याच वर्षी 8 जूनला ओडिशातल्या बिरासाल इथे विमान उडाल्यानंतर काही क्षणांत कोसळले, तिथेही दोघे गेले. 16 जुलै 2021 ला आमच्याच सातपुड्याच्या रांगेत, चोपडा तालुक्यातल्या वर्डीजवळ, शिरपूरच्या अकादमीचे विमान पडून प्रशिक्षकाचा जीव गेला आणि प्रशिक्षणार्थी मुलगी जखमी झाली. 2023 च्या जानेवारीत रीव्यात विमान देवळाच्या शिखरावर आदळले, मार्चमध्ये बालाघाटच्या डोंगरात दोघे मरण पावले आणि ऑक्टोबरात बारामतीला चार दिवसांत दोन विमाने पडली. या सगळ्यांची कारणे एक नाहीत आणि मी ती एका माळेत ओवत नाही. पण प्रत्येक वेळी गावातली चर्चा एकाच ठिकाणी येऊन थांबते. पायलट चुकला, असे कोणीतरी म्हणतो आणि विषय संपतो. माझी तक्रार अशी की बाहेरून पाहणाऱ्याला सरकारी यंत्रणाही बहुतेक वेळा तिथेच थांबलेली दिसते.

माझे म्हणणे एका अपघातावरून मांडतो. 22 डिसेंबर 2015 ची सकाळ. सीमा सुरक्षा दलाचे सुपर किंग एअर बी-200 हे छोटे विमान दिल्लीहून रांचीला निघाले. विमानात दहा जण होते. दोन वैमानिक सोडले तर बहुतेक जण रांचीत अडकून पडलेले एक हेलिकॉप्टर दुरुस्त करायला निघालेले तंत्रज्ञ होते. हवेत धुके होते. विमानाने धावपट्टी सोडली आणि पुरेशी उंची मिळण्याआधीच ऑटोपायलट चालू करण्यात आला, पण कोणत्या दिशेने जायचे हे ठरवणारा हेडिंग मोड निवडला गेला नाही. विमान डावीकडे कलू लागले. तो कल वाढत गेला. तो कोणी वेळेत सावरला नाही. विमान जवळजवळ उलट दिशेला वळले, उंची हरवत गेले आणि द्वारकेजवळ आदळले. दहाही जण मेले. चौकशी अहवालाने कारण म्हणून हेच नोंदवले आहे : हेडिंग मोड न निवडता जमिनीजवळच ऑटोपायलट लावला आणि वाढता कल दुरुस्त केला नाही.

म्हणजे वैमानिकांची चूक झाली, याबद्दल मला शंका नाही. पण महोदय, शिक्षक म्हणून माझा अनुभव असा की एका मुलाचे उत्तर चुकले तर त्या मुलाची वही पाहायची, आणि वर्गातल्या अनेकांचे तेच उत्तर चुकले तर माझा फळा पाहायचा. दोन प्रशिक्षित माणसे कॉकपिटमध्ये बसली होती. एकाची निवड राहून गेली, तर दुसऱ्याने ती मोठ्याने विचारावी अशी पद्धत त्यांच्यात होती का? धुक्यात जमिनीपासून किती फुटांवर ऑटोपायलट लावायचा, हे त्यांच्या रोजच्या सरावात किती पक्के होते? आणि मुख्य म्हणजे, त्या दहा मृत्यूंनंतर देशातल्या कोणत्या संस्थेच्या चेकलिस्टमध्ये, कोणत्या प्रशिक्षकाच्या पाठात, नेमके काय बदलले? हे मला किंवा त्या तंत्रज्ञांच्या घरच्यांना कुठे वाचायला मिळेल?

चौकशी आपण करत नाही, 2012 पासून ते काम विमान अपघात अन्वेषण ब्युरोकडे आहे, हे मला माहीत आहे. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक करारातले परिशिष्ट 13 सांगते की अशा चौकशीचा हेतू पुढचा अपघात टाळणे एवढाच असतो, कोणाला दोषी ठरवणे हा नव्हे. तीस दिवसांत प्राथमिक अहवाल आणि शक्यतो वर्षभरात अंतिम अहवाल, अशी त्याच परिशिष्टाची अपेक्षा आहे. पण अहवालातल्या शिफारशी प्रशिक्षणाच्या धावपट्टीवर उतरवणे हे तर आपलेच काम आहे ना? म्हणून माझी पहिली मागणी ही. प्रत्येक अंतिम अहवालानंतर ठरावीक मुदतीत डीजीसीएने जाहीर निवेदन काढावे. कोणती शिफारस मान्य झाली, ती कोणत्या संस्थांमध्ये कधीपासून लागू झाली, कोणती नाकारली आणि का, एवढे त्यात असले तरी पुरे.

आता टेकऑफबद्दल थोडे विस्ताराने बोलतो, कारण सामान्य माणसाचा समज असा की विमान पडते ते वर आकाशात काहीतरी बिघडल्याने. सेसनासारखे शिकाऊ विमान ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास वेग आला की जमीन सोडते. त्या क्षणी त्याच्याकडे वेग कमी असतो आणि उंची तर नसतेच. वर गेल्यावर चूक झाली तर नाक खाली करून उंची मोडायची आणि वेग मिळवायचा, हा मार्ग मोकळा असतो. टेकऑफनंतरच्या पहिल्या मिनिटात मोडायला उंचीच नसते. त्यात इंजिन बंद पडले तर नवशिक्या हाताला धावपट्टीकडे परत वळावेसे वाटते. सरळ समोर, शेतात का होईना, उतरायचे असे पुस्तकात लिहिलेले असते, पण हात वळतो. आणि वळणात विमान 45 अंश कलले की ज्या वेगाखाली पंख हवा धरून ठेवत नाहीत तो वेग सुमारे 19 टक्क्यांनी वाढतो. 60 अंशांना तो 41 टक्क्यांनी वाढतो. हे मी बारावीच्या मुलाला फळ्यावर पाच मिनिटांत सिद्ध करून दाखवू शकतो. पण जीव घशाशी आलेला असताना ते हाताला आठवावे, यासाठी फळा उपयोगाचा नाही, पुन्हा पुन्हा केलेला सराव लागतो.

टेकऑफमध्ये उघड होणारी चूक बहुतेकदा आधीच, जमिनीवर, झालेली असते. याची दोन उदाहरणे मला आपल्यासमोर ठेवायची आहेत. आपल्याला ती नवी नसतील, पण हे पत्र वाचणाऱ्या पालकांसाठी ती सांगायला हवीत.

30 ऑक्टोबर 1935 ला अमेरिकेत ओहायोतल्या राइट फील्डवर बोइंगचे मॉडेल 299 हे नवे बॉम्बर विमान लष्कराला दाखवले जात होते. चालवणारे मेजर प्लॉयर हिल हे लष्कराचे अनुभवी चाचणी वैमानिक. जमिनीवर उभ्या विमानाची शेपटीकडची पाती वाऱ्याने आदळू नयेत म्हणून जी कडी लावतात, ती काढायची राहून गेली. विमान सरळ वर चढले, त्याचा वेग मेला आणि ते कोसळले. हिल आणि बोइंगचे वैमानिक लेस्ली टॉवर दोघेही गेले. हे विमान एका माणसाच्या आवाक्याबाहेरचे आहे, असे तेव्हा लोक म्हणू लागले. वैमानिकांनी मात्र बसून टेकऑफच्या आधी करायच्या गोष्टींची एक यादी तयार केली. आज जगभरच्या कॉकपिटमधली चेकलिस्ट त्या अपघातातून आली, आणि तेच विमान पुढे बी-17 म्हणून हजारोंच्या संख्येने उडाले.

पण यादी कागदावर असणे आणि ती रोज वाचली जाणे यांत अंतर पडते. 31 मे 2014 च्या रात्री मॅसॅच्युसेट्समधल्या बेडफर्डला एक गल्फस्ट्रीम जेट विमान त्याच जातीच्या चुकीने जळाले. तीच कडी काढायची राहिली होती. सात जण मेले. तपास यंत्रणेने त्या वैमानिकांच्या आधीच्या 175 उड्डाणांची यंत्रात साठलेली नोंद उघडली. त्यात 98 टक्के वेळा टेकऑफच्या आधी नियंत्रणे पूर्ण हलवून पाहिलेलीच नव्हती. दोघेही अनुभवी आणि एकमेकांना सरावलेले. काही होत नाही, काही होत नाही, असे म्हणत शंभरहून जास्त वेळा ते सुखरूप उडाले आणि एका रात्री नाही उडाले.

अमेरिकी तपास मंडळाने पुढे जे केले ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. त्यांनी वैमानिकांना दोष दिला आणि तिथे न थांबता विमान बनवणाऱ्या कंपनीचेही नाव घेतले, कारण कडी लागलेली असताना थ्रॉटल (इंजिनाची शक्ती वाढवणारा दांडा) जितका पुढे जायला नको तितका जात होता. ती रचना मंजूर करणाऱ्या सरकारी खात्याकडेही त्यांनी बोट दाखवले. चौकशी अशी हवी, महोदय. मेलेल्या माणसाची चूक लिहून झाल्यावर जिवंत माणसांच्या कामाचे पान उघडणारी.

म्हणून दुसरी मागणी. प्रशिक्षण संस्थांच्या तपासणीला आपले अधिकारी येतात तेव्हा कागद पाहतात, विमानांच्या देखभालीच्या वह्या पाहतात. तेवढेच न पाहता त्यांनी न सांगता पहाटे धावपट्टीच्या कडेला उभे राहावे आणि मुले चेकलिस्ट मोठ्याने वाचतात का, नियंत्रणे शेवटपर्यंत हलवून पाहतात का, हे पाहावे. छोट्या विमानांत मोठ्यांसारखे ब्लॅकबॉक्स नसतात. पण कॉकपिटमधला साधा कॅमेरा आणि उड्डाणाची जीपीएस नोंद ही आज काही परवडण्यापलीकडची गोष्ट नाही. पन्नास लाख भरणाऱ्या पालकाच्या पैशात ती नक्की बसते. ही नोंद शिक्षेसाठी वापरू नये. प्रशिक्षक आणि मुलाने संध्याकाळी बसून ती पाहावी, यासाठी ती ठेवावी.

उष्णतेबद्दल मला खास बोलायचे आहे, कारण तो आमच्या भागाचा प्रश्न आहे. 25 मे 2017 ला लातूर जिल्ह्यातल्या निलंग्याहून तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांचे हेलिकॉप्टर उडाले आणि काही क्षणांत तारांत अडकून खाली आले. सगळे वाचले हे नशीब. त्यानंतर मे महिन्याचे तापमान आणि हेलिकॉप्टरचे वजन यांची चर्चा झाली. ती निलंग्यापुरती राहिली. जळगाव-बऱ्हाणपूर पट्टा समुद्रसपाटीपासून जेमतेम अडीचशे मीटरवर आहे, पण मे महिन्याच्या दुपारी पारा 44 वर असताना इथली हवा इतकी विरळ होते की पंखाला आणि इंजिनाला ती साडेचार हजार फुटांवरच्या हवेसारखी भासते. म्हणजे विमानाच्या दृष्टीने जळगावची धावपट्टी त्या दुपारी महाबळेश्वराच्या पठाराएवढी उंच जाऊन बसते. धाव लांबते, चढ मंदावतो, आणि सकाळी सातला ज्या वजनाने विमान सहज उठले तेच वजन दुपारी दोनला धोक्याचे ठरते. मुलाला हे गणित येते. पण दुपारची पाळी त्याला दिली आहे आणि तास भरायचे आहेत, तेव्हा तो ते गणित मांडून काय करणार?

वजनाचे आणि वेगाचे आकडे किती हलके घेतले जातात, हे आपल्या शेजारीच दिसले. 24 जुलै 2024 ला काठमांडूत सौर्य एअरलाइन्सचे विमान टेकऑफ करतानाच कोसळले. एकोणिसांपैकी अठरा जण गेले, एकटे कॅप्टन वाचले. नेपाळच्या चौकशीत निघाले की विमानाचे नाक योग्य वेगाआधी आणि फार झपाट्याने उचलले गेले. वैमानिक ज्या तक्त्यावरून वेग ठरवत होते त्या तक्त्यातलेच आकडे चुकीचे होते. सामान भरण्यातही गंभीर हलगर्जी होती. नाक वैमानिकाने उचलले हे खरे, पण त्याच्या हातात तो तक्ता कोणी दिला?

म्हणून तिसरी मागणी. प्रत्येक प्रशिक्षण धावपट्टीसाठी तापमानाची मर्यादा डीजीसीएने ठरवून द्यावी. पारा अमुकवर गेला की दोन माणसे आणि पूर्ण इंधन घेऊन शिकाऊ उड्डाण बंद, असा स्पष्ट आकडा धावपट्टीच्या फाटकावर लिहिलेला असावा. प्रत्येक उड्डाणाच्या वजनाचा हिशेब विद्यार्थ्याने स्वतः मांडावा, प्रशिक्षकाने सही करावी आणि तो कागद पुढे तपासणीसाठी जपून ठेवावा.

यापुढचे बोलणे अवघड आहे, पण ते टाळून चालणार नाही. माझ्याकडे येणाऱ्या मुलांशी मी तासन्‌तास बोललो आहे. ती कोणत्या संस्थेत शिकली हे मी इथे लिहिणार नाही, कारण त्यांना अजून परवाना मिळवायचा आहे. त्यांच्या बोलण्यात एक भीती पुन्हा पुन्हा येते. धावपट्टीवर विमान धावायला लागल्यावर काही खटकले, इंजिनाचा आवाज वेगळा वाटला, काटा हवा तिथे नसला, तर थ्रॉटल मागे ओढून थांबायचे असे शिकवले जाते. पण थांबल्यावर काय होते? तो तास वाया जातो, पाळी जाते, विमान तपासायला जाते, मागे रांगेत उभी असलेली मुले चिडतात, आणि प्रशिक्षक रागावला तर पुढचे उड्डाण कधी मिळेल याची शाश्वती नसते. खेड्यातून आलेला, इंग्रजी बोलताना अडखळणारा मुलगा अशा वेळी प्रशिक्षकाला "सर, मला बरोबर वाटत नाही" म्हणेल का? आमच्या घरांत मोठ्यांना उलट बोलायचे नाही असे आपणच त्याला लहानपणापासून शिकवलेले असते. कॉकपिटमध्ये तोच संस्कार त्याचा जीव घेऊ शकतो.

माझी सगळ्यांत कळकळीची विनंती ही आहे. टेकऑफ रद्द करणाऱ्या विद्यार्थ्याचा एक पैसाही जाऊ नये आणि एक गुणही कापला जाऊ नये, असा नियम करा. संशय खोटा निघाला तरी. उलट, त्याने कशामुळे थांबवले हे वर्गात सर्वांसमोर मांडायला त्याला सांगावे. प्रशिक्षकांचा पगार भरलेल्या तासांवर ठरत असेल तर तेही थांबवा, कारण तासांवर पोट असलेला माणूस थांब म्हणायला कचरतो. आणि मुलांना संस्थेला वगळून थेट आपल्याकडे, नाव गुप्त ठेवून, तक्रार करता येईल असा मार्ग द्या, जो मुलांना प्रवेशाच्या पहिल्या दिवशी सांगितला जाईल.

ऑक्टोबर 2025 मध्ये आपण प्रशिक्षण संस्थांचे पहिले गुणांकन जाहीर केले, याबद्दल मी आपले मनापासून आभार मानतो. त्यात वरच्या दोन श्रेणींत एकही संस्था बसली नाही आणि आपण ते लपवले नाही. आमच्या पालकांसाठी तो पहिला भरवशाचा कागद होता. आता त्यात आणखी एक रकाना घाला. कोणत्या संस्थेचे किती अपघात झाले, त्यातले टेकऑफचे किती, चौकशीत काय निघाले आणि त्यानंतर संस्थेने काय बदलले, हे त्याच कागदावर असू द्या. आईवडिलांनी सही करण्याआधी ते वाचलेले असावे.

आणि ते त्यांना वाचता यावे. अहवाल इंग्रजीत असतात, शंभर पानांचे असतात. बऱ्हाणपूरच्या केळी उत्पादकाला, चोपड्याच्या शिक्षिकेला ते वाचून घ्यायला कोणी नसते. प्रत्येक अहवालाचा दोन पानांचा सारांश हिंदी, मराठी आणि अपघात जिथे झाला तिथल्या भाषेत द्यावा, ही मोठी मागणी नाही. ज्यांच्या शेतात विमान पडले त्यांनाही ते का पडले हे कळण्याचा हक्क आहे.

शेतांचा विषय निघाला म्हणून चोपड्याकडे परत येतो. वर्डीच्या त्या अपघातानंतर सातपुड्याच्या पायथ्याला रस्ता नव्हता, रुग्णवाहिका पोहोचणे शक्य नव्हते. तिथल्या आदिवासी लोकांनी जखमी मुलीला बाहेर काढले. एका बाईने अंगावरची साडी सोडून तिची झोळी करून दिली आणि त्या झोळीतून मुलीला डोंगरातून खाली आणले. आम्ही सगळ्यांनी ते वाचून अभिमानाने डोळे पुसले. पण त्या लोकांना सांडलेल्या इंधनाजवळ विडी पेटवायची नाही, मणक्याला मार लागलेल्या माणसाला कसे उचलायचे, हे कोणी कधी शिकवले होते का? प्रशिक्षण उड्डाणे ज्या गावांवरून रोज होतात त्या गावांच्या सरपंचांना, पोलीस पाटलांना, आशा कार्यकर्त्यांना वर्षातून एकदा बोलवून हे शिकवण्याची जबाबदारी संस्थांवर टाका. त्या विमानांच्या वाटेतल्या उंच तारांवर रंगीत गोळे लावण्याचे कामही वीज कंपन्यांकडून करवून घ्या. 2017 च्या एप्रिलमध्ये गोंदियाजवळ वैनगंगेवर ताणलेल्या एका दोराला विमान अडकून दोन जण गेले, ही गोष्ट तिथल्या लोकांच्या अजून तोंडी आहे.

या पत्राची प्रत मी अन्वेषण ब्युरोला आणि आमच्या भागातल्या प्रशिक्षण संस्थांना पाठवत आहे. उत्तर हिंदीत दिले तरी चालेल. या जूनमध्ये पुन्हा बारावीची मुले आणि त्यांचे आईवडील माझ्याकडे येतील, तेव्हा आपले उत्तर मी त्यांना वाचून दाखवीन.

आपला,
एक निवृत्त भौतिकशास्त्र शिक्षक
बऱ्हाणपूर, मध्य प्रदेश